उजेडाचा कीबोर्ड आणि धनजचे मामा

बेबी, हे लिखाण टाईप करायला तुझ्याकडेच येणार आहे. आपल्या शाळेच्या स्मरणिकेवाल्यांनी गावातल्या एखाद्या माणसावर लिहा म्हणून माझ्यामागे लकडा लावलाय. पुढाऱ्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी तुझ्यावर लिहिते आहे. आधीच सांगून ठेवते, एक शब्द गाळायचा नाही आणि एक शब्द गोड करायचा नाही. चांगलं लिहिलं की तू लाजून खोडशील आणि वाईट लिहिलं की तुझे यजमान देवमनभाऊ तुला खोडायला लावतील. दोघांनीही हात आवरा. जिथं राग येईल तिथं घोटभर पाणी प्यायचं आणि पुढची ओळ घ्यायची. आता मी वाचणाऱ्यांशी बोलते. तू गुमान बोटं चालव.

तर मंडळी, मेडशीच्या एसटी स्टँडवर उतरलात की समोर कडुनिंबाखाली एक टिनाची टपरी दिसते. पाटीवर ‘सपना टायपिंग’ असं लिहिलंय. पाटीचा निळा रंग उडाला, पण त्याखालची ‘एसटीडी’ ही जुनी अक्षरं मात्र वर आलीत. कारण ही टपरी आधी टेलिफोन बूथ होती. माझा मुलगा नागपूरला शिकायला होता तेव्हा दर रविवारी मी तिथं रांग लावायचे. आत बेबीताई पडघान मीटरकडे बघत बसलेली असायची. माझं बोलणं वाढलं की काचेवर टकटक करायची. “मॅडम, पोरगं जेवलं हे कयलं नं? मंग ठेवा आता, मागं लाईन हाय.” मला असं तोडून बोलणारी गावात तेवढी एकच. तिथून आमची मैत्री जमली.

मोबाईल आले आणि बूथ बसला. बेबीचे यजमान देवमनभाऊ एसटीत ड्रायव्हर. त्यांनी कुठूनसा एक जुना कॉम्प्युटर आणला आणि बायकोपुढे ठेवला. “घे. हे चालव.” स्वतः त्यांनी त्याला कधी हात लावला नाही. बेबी दहावी पास, टायपिंगच्या क्लासचं तोंड पाहिलेलं नाही. कीबोर्डावर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले आणि दोन बोटांनी एकेक अक्षर टिपत शिकली. अर्ज, शपथपत्रं, बचतगटांचे ठराव, आमच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका, सगळं तिनं केलं. पण तिचं नाव झालं ते लग्नपत्रिकांवर. ती मजकूर जुळवून द्यायची, छापून यायचा शेजारच्या मालेगावहून.

आमच्या भागात लग्नपत्रिका ही काय चीज आहे, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. नवरानवरीची नावं असतात, पण ती निमित्ताला. खरी पत्रिका खाली सुरू होते. निमंत्रक कोण, विनीत कोण, व्यवस्थापक कोण, मामाकडची मंडळी कोण, आणि शेवटी “आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं” म्हणणारी शेंबडी पोरं कोण. काकाचं नाव मामाच्या वर गेलं की तंटा. मोठ्या जावयाचं नाव धाकट्याच्या खाली गेलं की दोन दिवाळ्या अबोला. बेबीला ही सगळी उतरंड पाठ. लोक तोंडी नावं सांगायचे आणि ती विचारायची, “आत्याचे मालक राह्यले का? का भांडन चालू हाय?”

तिची काम करायची एक रीत होती. नवी पत्रिका ती कधी कोऱ्या पानावर करायची नाही. आधीच्या लग्नाची पत्रिका उघडायची, त्यातली जुनी नावं एकेक करून खोडायची आणि तिथं नवी बसवायची. चौकट तीच, गणपती तोच, ‘आपल्या उपस्थितीची प्रार्थना’ तीच. आमच्याकडे एका लग्नाचा मांडव सोडून दुसऱ्या दारी उभा करतात, तसंच हे. मी तिला शंभरदा सांगितलं, बेबी, एक कोरा नमुना करून ठेव. “कायले? हे हाय नं चांगलं,” एवढंच तिचं उत्तर. वर्षानुवर्षं निभलंही.

मग डोळे आडवे आले.

साखरेनं तिच्या डोळ्यांचा पडदा धरला. अकोल्याच्या डॉक्टरांनी लेझर केलं आणि स्पष्ट सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं सांभाळा. उन्हात तिला ठीक दिसायचं. पण टपरीत ऊन कुठलं? वर कडुनिंब, शेजारी भजीवाल्याची कढई, आणि कीबोर्ड काळाकुट्ट. स्टिकरवरची अक्षरं घासून घासून गेलेली. बल्ब लावला तर तो चकाकून डोळ्यांवर यायचा. मग देवमनभाऊ, एव्हाना रिटायर झालेले, शेजारी मोबाईलची बॅटरी धरून बसायला लागले. जेवण झालेलं असलं की त्यांचा डोळा लागायचा आणि उजेड कीबोर्डावरून सरकत सरकत छतावर जायचा.

“अवो, म्या अक्षरं छतावर मारू का?” बेबी ओरडायची.

“तं मार नं. मी धरून हाव.”

पुढे तर त्यांनी ती बॅटरी रुमालानं तिच्या कपाळालाच बांधली. मी एकदा दुपारी गेले तर बाई खाणीतल्या मजुरासारखी बसलेली. मी हसले. ती हसली नाही, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. एक कळ शोधायला तिची मान खाली जायची ती वर यायलाच वेळ लागायचा, आणि वर येईपर्यंत पडद्यावर आपण कोणत्या ओळीत होतो हे तिला सापडायचं नाही.

याच काळात आमच्या गावच्या हरीओमचं लग्न ठरलं. पोरगा माझा विद्यार्थी, गणितात कच्चा, बाकी गुणी. पत्रिका अर्थातच बेबीकडे. तिनं आधीच्या कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका उघडली आणि नेहमीप्रमाणे नावं बदलत गेली. मामाच्या ओळीपाशी मान खाली गेली, वर आली, आणि खालच्या ओळीवर टेकली. मधली ओळ तशीच राहिली. हरीओमचे सख्खे मामा रिठदचे पुंजाजी, ते पत्रिकेत आलेच नाहीत. त्यांच्या जागी आधीच्या लग्नातले मामा, श्री. शालिग्राम, मु. धनज, ठसठशीत अक्षरात छापून आले.

तुम्ही म्हणाल, छापण्याआधी कुणी वाचलं नाही का? वाचलं ना. हरीओमच्या वडिलांनी वाचलं, काकांनी वाचलं. पण आपल्याकडे पत्रिका तपासणारा माणूस फक्त स्वतःचं नाव शोधतो. ते सापडलं की म्हणतो, बरोबर आहे.

लग्नाच्या दिवशी मी आणि बेबी मांडवात शेजारी बसलो होतो. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या बेतात. भटजींनी पुकारलं, “मुलाचे मामा! मामा या पुढं!” आणि दोन बाजूंनी दोन माणसं उठली. एक पुंजाजी, उंच, सावळे, मिशीला पीळ. दुसरे एक गोल, गोरटेले गृहस्थ, नव्या धोतरात, हातात आहेराची पिशवी, मागे बायको पितळेची घागर घेऊन.

“तुमी कोन?” पुंजाजींनी विचारलं.

“मी मामा.”

“कोनाचे?”

“पोराचे. पत्रिका पाहा नं.” त्यांनी खिशातून घडी केलेली पत्रिका काढली. ती फिरत फिरत धनजला पोचली होती. बिचाऱ्यांनी आपलं नाव पाहिलं, डोकं खाजवलं, वडिलांकडून कुठलं तरी लांबचं नातं असेल असं धरलं, आणि नाव छापलंय म्हणजे जायलाच पाहिजे म्हणून जीप करून आले.

त्यांची बायको मागून म्हणाली, “म्या म्हटलं होतं इचारा म्हनून. किती भाचे करून ठेवले वो तुमी?”

मांडव हसला. पुंजाजी हसले नाहीत. त्यांनी पत्रिका घेतली, मामाच्या ओळीवर बोट ठेवून वरून खाली वाचली, आणि शांतपणे परत दिली. “मंग धरा तुमीच अंतरपाट,” म्हणाले आणि मांडवाच्या टोकाला जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर पाठ फिरवून बसले. बहिणीनं मिनतवाऱ्या केल्या, टॉवेल-टोपी पुढं केली, नवरदेव स्वतः पायाशी वाकला. नाही म्हणजे नाही. जेवलेही नाहीत.

इकडे शालिग्रामरावांना खरी हकीकत कळली तेव्हा ते मुंडावळ्या बांधलेल्या हरीओमपेक्षा जास्त लाजले. पण माणूस मोकळा. पत्रिका कुणी केली विचारत विचारत बेबीपाशी आले, आणि मी म्हटलं, आता झालं. तर ते हात जोडून म्हणतात, “बाई, तुमच्यापाई मले एक जास्तीचा भाचा भेटला. धनजले कधी आल्या तं घरी येजा.” स्वतःचा नंबरही देऊन गेले.

संध्याकाळी पुंजाजी रिठदला परत जायला स्टँडवर आले. स्टँड म्हणजे बेबीचं दारच. ती उभी राहिली. ते म्हणाले, “बाई, तुमी मले माह्या भाच्याच्या लग्नातून काढून टाकलं.” आवाज चढवला नाही. गाडी आली, बसून गेले.

एकाच चुकीवर दोन माणसं दोन गोष्टी बोलली. बेबीनं एक मांडवातच सोडली आणि दुसरी घरी नेली. दुसऱ्या दिवशी टपरीचं शटर बंद. तिसऱ्या दिवशीही बंद. लोक पत्रिका घेऊन वाशिमला जायला लागले.

त्यातच सपनाचं लग्न ठरलं. सपना म्हणजे पाटीवरची सपना, बेबीची एकुलती एक, वाशिमला दवाखान्यात नर्स. मुलगा चांगला, घर चांगलं. बेबीचं घर बौद्ध, आमच्या मुहूर्तांची भानगड त्यांच्यात नसते, सगळ्यांना सुट्टीचा रविवार पाहिला की झालं. सगळं सोपं होतं, पत्रिका सोडून. बेबीनं हयातभर गावच्या पोरींच्या पत्रिका केल्या त्या हे मनात धरून की एक दिवस आपल्या पोरीची करायची. कशी करायची तेही ठरलेलं होतं. आणि आता म्हणते, “वाशिमवरून करून आन. माह्या हातानं नोको.”

सपना कमी नाही. “मंग छापूच नोको. मी सगळ्याइले फोन करतो. फोनमंधी मामा सुटत नाई.”

“तुले मामा हायेच कुठं सुटाले?” बेबी म्हणाली. बेबीला बहिणीच बहिणी, भाऊ नाही.

मी सोप्यात चहा पीत बसले होते. मला रडारड सहन होत नाही. मी म्हटलं, “बेबी, तुझे डोळे गेलेत का अक्कल?”

“मॅडम, कीबोर्ड दिसत नाई. कसं करू?”

“दिसेल असा आणू.”

हे मी तोऱ्यात बोलले खरी, पण तो कुठं मिळतो याचा मला पत्ता नव्हता. सापडला तो असा. माझी नात वैष्णवी पुण्याहून आली होती, आणि दिवेलागणीला नेहमीप्रमाणे लाईट गेली. मी मेणबत्ती शोधत खोलीत गेले तर पोरगी अंधारात आरामात टाईप करतेय. कीबोर्डातून उजेड येत होता. प्रत्येक अक्षर आतून पेटलेलं, जसा देवळीतला दिवा. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, “आजी, सगळ्या नव्या लॅपटॉपना असतं.” सगळ्यांना नसतं, हे मला नंतर वाशिमच्या दुकानात कळलं. नात तिच्या मोबाईलवर गुंतली तेव्हा मी तो लॅपटॉप शालीत गुंडाळला आणि थेट बेबीचं घर गाठलं. लाईट अजून गेलेलीच होती.

मी तिच्या मांडीवर तो उघडला. बेबी बघत राहिली. मग तिनं एक बोट उचललं आणि अलगद एका कळेवर ठेवलं, तवा तापला का पाहतात तसं. “एच,” म्हणाली. मग दुसरी. “के.” मग तिसरी. देवमनभाऊ दारात उभे राहून बघत होते. ते म्हणाले, “म्हंजे माही नोकरी गेली.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वाशिमला. दुकानदार पोरगा आम्हा म्हाताऱ्यांना साधे लॅपटॉप दाखवायला लागला. मी म्हटलं, दुकानातले दिवे घालव. तो म्हणाला, काहून? मी म्हटलं, घालव म्हणते ना. दिवे घालवून, शटर अर्धं ओढून, बेबीनं स्वतः अंधारात निवडून घेतला. आपल्या भिशीतून घेतला, मला हातही लावू दिला नाही. येताना एसटीत तो खोका मांडीवर धरून अशी बसली होती की कंडक्टरनं विचारलं, “मावशी, बाळंतीन आहे का घरी?”

आणि दोन दिवसांनी तिचा फोन. आवाज पडलेला. “मॅडम, उजेड गेला.”

मी गेले. लॅपटॉप चालू, पण कीबोर्ड अंधारात. कळांच्या कडेनं नुसती बारीक रेघ उजेडाची, अक्षर एक दिसेना. फसवलं, मी म्हटलं. जुना माल दिला. माझं डोकं तडकलं. लॅपटॉप पिशवीत घातला, बेबीला धरलं, आणि मिळेल त्या गाडीनं पुन्हा वाशिम. दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या मी तोंड सोडलं. म्हाताऱ्या बाया पाहून गंडवता का, ग्राहक मंच ठाऊक आहे का, मी अशी आहे, मी तशी आहे. काउंटरवर रंजीता नावाची मुलगी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. लॅपटॉप उघडला. कीबोर्डाकडे पाहिलं. मग नखानं एका कळेचा कोपरा खरडला आणि वरचं स्टिकर उपटलं. खालून अक्षर झगझगून वर आलं.

देवमनभाऊंनी आदल्या दिवशी बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून, हात धुऊन, जपून ठेवलेलं मराठी स्टिकरांचं कोरं पाकीट काढलं होतं आणि एकही कळ न सोडता, अगदी सरळ रेषेत, नव्या कीबोर्डावर चिकटवून टाकलं होतं.

मी रंजीताकडे पाहिलं नाही. पंख्याकडे पाहिलं. बेबी मात्र इतकी हसली की तिला स्टूल द्यावं लागलं. हरीओमच्या लग्नानंतर ती पहिल्यांदा हसत होती. “मॅडम, आपनच खिडक्याइले पडदे लावले आन् म्हनतो, ऊन येत नाई!” मग आम्ही तिघींनी बसून नखांनी सगळे स्टिकर काढले. चिकट राहिलं ते रंजीतानं खोबरेल तेलाच्या फडक्यानं पुसलं.

आता प्रश्न मराठीचा. कळांवर इंग्रजी अक्षरं. रंजीता म्हणाली, “मावशी, जसं बोलता तसं इंग्रजी अक्षरात दाबा, मराठीत आपोआप येते.” तिनं ते चालू करून दिलं. “एखादं नाव टाका पाहू.”

बेबीनं बोट वर धरलं. विचार केला. मग उजेडातल्या अक्षरांवरून एकेक करून, सावकाश, पण मान एकदाही फार न वाकवता, तिनं कळा दाबल्या. पडद्यावर आलं, देवमन.

मी म्हटलं, “अगं, नवऱ्याचं नाव? तू तर कधी घेत नाहीस.” खरंच घेत नाही. बँकेत विचारलं तरी आधार कार्ड पुढं करते.

“तोंडानं नाई घेत,” बेबी म्हणाली. “बोटानं चालते.”

घरी येऊन तिनं हे देवमनभाऊंना दाखवलं. ते चष्मा लावून बराच वेळ आपलं नाव वाचत राहिले. चारच अक्षरं, त्यात एवढं वाचण्यासारखं काय होतं कुणास ठाऊक. मग म्हणाले, “बरोबर हाय,” आणि चहा टाकायला उठले.

त्यानंतर शटर उघडलं. डोळे काही बरे झाले नाहीत, हे कुणी चमत्कार म्हणून वाचत असेल तर त्यानं नीट ऐकावं. पण मान खाली गेली की कळ लगेच दिसते, आणि वर आली की ओळ जागेवर सापडते. कपाळाची बॅटरी सुटली. आधी तिनं एक अर्ज केला, मग बचतगटाचा ठराव, मग कुणाच्या तेरवीचं कार्ड. हात बसला. आणि एका सकाळी मला बोलावून घेतलं. “मॅडम, बसा. सपनीची घेतो आज.”

मला वाटलं, आता जुनी पत्रिका उघडणार. तिनं कोरं पान उघडलं. पोरीची कशी करायची ते ठरलेलं होतं, ते हे.

वर ‘नमो बुद्धाय’, ‘जयभीम’. मग मंगल परिणय. मग नावं. देवमनभाऊ सांगायचे, ती टाईप करायची, मधेमधे वाद. “तुमच्या त्या भावाचं नाव खाली घेतो, त्यानं माह्या लग्नाच्या लुगड्यावर वरन सांडलं होतं.” “अवं तीस वर्षं झाले!” “डाग गेला नाई अजून.” शेवटी दिराचं नाव वरच घेतलं. आणि मग मामाची ओळ आली. बेबीची बोटं थांबली. उजेडाच्या कळांवर नुसतीच ठेवून बसली.

“ती ओय गाय,” म्हणजे ती ओळ गाळ, असं देवमनभाऊ हळू म्हणाले. “नसल्या मामाची ओय नाई ठेवली तं चालते.”

“आतापर्यंत गायल्या त्या काय कमी झाल्या?” असं म्हणून बेबी उठली, डब्यातून एक चिठोरं काढलं आणि फोन लावला. स्पीकरवर.

“हलो, शालिग्रामभाऊ का? मी मेडशीवरून बेबीताई. टायपिंगवाली.”

पलीकडून हसणंच आधी आलं. “बोला, बोला! आता कोनाचा मामा झालो मी?”

“नाई झाले अजून. या टायमाले इचारून घ्यावं म्हटलं. माह्या पोरीचं लग्न हाय. तिले मामा नाई. तुमचं नाव टाकू का?”

देवमनभाऊंनी बेबीला खूण केली आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाले, “आपल्या मांडवात येतीन का ते?” दबक्या आवाजात का, हे आमच्या भागातल्या माणसाला समजावून सांगायला नको. मागून त्यांच्या बायकोचा आवाज ऐकू आला, “कोन व्हय?” आणि मग शालिग्रामराव बोलले.

“बाई, मागच्या खेपेले चुकून मामा झालो तं टावेल-टोपी भेटली. आता तुमी इचारून करून राह्यल्या, म्हंजे मलेच काईतरी आना लागन. टाका नाव. धनज लिहाले इसरू नोका, नाईतं दुसराच येऊन बसन.”

बेबीनं नाव टाकलं. ओळ वाचली. देवमनभाऊंनी वाचली. मी वाचली. आणि मी सांगते, माझं स्वतःचं नाव त्या पत्रिकेत कुठं आहे हे मी तोवर पाहिलंही नव्हतं.

लग्न झोकात झालं. शालिग्रामराव सपनासाठी साडी आणि पुन्हा एक पितळेची घागर घेऊन आले. त्यांची बायको म्हणाली, घागरी आता घाऊकच घेऊन ठेवाव्या म्हनतो. सपनाला हाताला धरून मामांनी मंचावर नेलं आणि तिथं उभं राहून इकडे तिकडे पाहायला लागले. “कापड कुठं हाय धराले?”

“मामा, आमच्यात अंतरपाट नसते,” सपना म्हणाली. “हात जोडून उभे राहा.”

ते हात जोडून उभे राहिले. त्रिशरण, पंचशील झालं. सगळ्यांबरोबर त्यांनीही जसं जमेल तसं म्हटलं, जिथं येईना तिथं नुसते ओठ हलवले. बेबी खाली पहिल्या रांगेत बसली होती. तिला मंचावरचे चेहरे नीट दिसत नव्हते, ते मला ठाऊक होतं. ती माझ्या कानाशी लागली, “मॅडम, मामा बरोबर जागेवर हाय का?”

“आहे,” मी म्हटलं. “ओळ सुटली नाही.”

आता बेबी, पुन्हा तुझ्याशी.

पत्रिका छापून आल्या त्या दिवशी गठ्ठ्यातली पहिली पत्रिका तू बाजूला काढलीस. पाकिटावर नाव टाईप करून चिकटवलंस, श्री. पुंजाजी, मु. रिठद. अक्षरं मुद्दाम मोठी घेतलीस. म्हणालीस, “मॅडम, हे पोष्टानं नोको. आपून दोघी जाऊ. हातानं देऊ. ते काय बोलतीन ते बोलतीन.” मी म्हटलं, बुधवारी जाऊ. बुधवारी गाडी स्टँडवर न थांबता निघून गेली. मग माझा गुडघा. मग तुझी साखर वाढली. मग हळद, मग लग्न, मग सपनाची पाठवणी, मग तुझ्याकडे दुसऱ्यांच्या पत्रिकांची रांग, मग आमच्या शेतातलं सोयाबीन आलं आणि मजुरांच्या मागे मी.

होऊन गेलेल्या लग्नाचं आमंत्रण घेऊन कसं जायचं, असं तू परवा विचारलंस. मी म्हटलं, पाहू. माझी पर्स मी आत्ताच उघडून पाहिली. पाकीट आहे. कोपरे मऊ झालेत, पुंजाजींचं नाव मात्र तसंच आहे. रिठदला जायला गाडी बदलावी लागते, पण पहिली गाडी तुझ्या दारातूनच सुटते.